पट फिरवण्याचा हक्क

ट्रेनिंग स्कूलचं वसतिगृह, नागपूर
६ ऑगस्ट १९६१

प्रिय देवीदास,

जय भीम. वच्छीचं पत्र परवा केवलरामजींच्या हाती मिळालं. आपल्या इंदोऱ्याचा माणूस दुर्गच्या गाडीवर गार्ड आहे हे बरं, नाहीतर टपालाची वाट बघत बसावं लागलं असतं. पत्रात दीड पान नुसतं बुद्धिबळ आहे. 'आई, मी सोमवारी मामाला हरवलं. बुधवारी हरवलं. गुरुवारी मामा जिंकता जिंकता हरला.' शाळेबद्दल एक ओळ, जेवणाबद्दल अर्धी, आणि माझी आठवण येते की नाही याबद्दल काहीच नाही. नऊ वर्षांची पोर असंच लिहिणार, हे मलाही कळतं.

पण मला एक सांग. दादांच्या पटावर तुला हरवणारा माणूस मी पाहिलेला नाही, मी सोडून. जूनमध्ये जिला घोडा अडीच घरं चालतो हे माहीत नव्हतं, ती दोन महिन्यांत तुला आठवड्यातून तीनदा मात देते? मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आले ती काही अक्कल घरी ठेवून आले नाही.

तू मुद्दाम हरतोस. आणि तू मुद्दाम हरलास की त्यामागे काहीतरी असतं, हे मला शेजारच्या चंपतच्या भोवऱ्यापासून ठाऊक आहे. चार दिवस ओळीनं त्याच्याकडून हरलास, तो फुगून गेला, आणि पाचव्या दिवशी त्याचा लाखेचा भोवरा तुझ्या खिशात होता. तो अजून सांगतो की त्यानं तो आपखुशीनं दिला.

वच्छीजवळ भोवरा नाही. मग तिच्याकडून तुला काय हवंय? तिला मी एका वर्षासाठी तुमच्याकडे ठेवलं, कारण या वसतिगृहात पोरांना ठेवू देत नाहीत आणि तिचे बाबा गेल्यापासून मला दुसरं दार नाही. तुझ्या घरात मूल नाही, हेही मला माहीत आहे. एवढं लिहून थांबते. खरं काय ते कळव. गिरजाला माझा जय भीम सांग.

तुझी ताई,
सत्यशीला

*

सेक्टर ६, भिलाई
१५ ऑगस्ट १९६१

ताई,

जय भीम. तुझं पत्र वाचून गिरजा हसली आणि मी जरा चिडलो. भोवऱ्याला वीस वर्षं झाली. चंपतला आता चार पोरं आहेत, आणि तू अजून माझा खिसा तपासतेस.

पोरगी खरंच जिंकते. कशी जिंकते ते मी सांगणार नाही, कारण तिनं मला शपथ घातली आहे. 'आईले मीच सांगीन. तुमी नोका सांगू, मामा,' असं तिचं म्हणणं. आता मी शपथ मोडली तर उद्या ती माझ्याशी खेळणार नाही, आणि नाही मोडली तर तू माझ्यावर उखडणार. मी तुला जास्त ओळखतो, म्हणून तुलाच नाराज करतो.

आमचा खेळ असा चालतो. कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करून मी तीनला घरी येतो, अंगावरची कोळशाची भुकटी धुतो. तोवर ती क्वार्टरच्या ओट्यावर पट मांडून बसलेली असते. रशियाहून मशीन ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या इथं सगळ्यांनीच वापरल्या. कोणी शेल्फ केलं, कोणी कोंबड्यांचं खुराडं. मी पट केला. मोहरे केले ते ओबडधोबड झालेत, घोडा गाढवासारखा दिसतो, पण चालतो घोड्यासारखाच. सगळे डालडाच्या डब्यात राहतात.

अभ्यास ठीक आहे. शाळेत नाव घातलं, ते झालं एकदाचं, त्यात काही लिहिण्यासारखं नाही. गिरजा तिला रोज तेल लावून दोन वेण्या घालते. तू परीक्षेची काळजी कर, इकडची नको.

तुझा,
देवीदास

*

नागपूर
२७ ऑगस्ट १९६१

देवीदास,

शपथ? दोन महिन्यांत तुमची दोघांची गुपितं होऊ लागली आणि ती माझ्यापासून. छान.

आणि शाळेबद्दल 'लिहिण्यासारखं नाही' म्हणतोस. तू ज्या गोष्टीबद्दल असं लिहितोस नेमकी तीच मला वाचायची असते. कंपनीची शाळा कामगारांच्या मुलांसाठी आहे असं मी ऐकलं होतं. भाचीला कसं घेतलं त्यांनी?

बरं, तू सांगणार नाहीस. मग मीच बघते. सोबत वच्छीला वेगळी चिठ्ठी आहे. तिच्याशी मी पत्रानं डाव खेळणार आहे, एका पत्रात एक चाल. इथं मुलींच्या खोलीत एक जुना पट सापडला, तो माझ्या खाटेखाली मांडून ठेवते. दहा-पंधरा चालींत कळेल मला, पोरीला खेळता येतं की तिला नुसतं जिंकायची सवय लावली आहे. ज्या मुलाला कोणी खोटं जिंकवतं त्याचं पुढं काय होतं ते आम्हाला इथं बालमानसशास्त्रात शिकवतात. त्यासाठी पुस्तक लागत नाही म्हणा, चंपत पुरे आहे.

तू तिला चाल सुचवायची नाहीस. सुचवलीस तर मला कळेल. तुझी चाल मी झोपेत ओळखते.

सत्यशीला

*

भिलाई
३ सप्टेंबर १९६१

प्रिय आई,

जय भीम. मी पांढरे घेतले. मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. तू म्हणशील दोन कसे, तर पहिल्यांदा दोन चालतात. रशियन लोक असंच खेळतात, त्यांच्या कॉलनीच्या गेटपाशी मामाने पाहिलं. तू पण दोन चाल, मी काही म्हणणार नाही.

मामाला मी आपला पट दाखवत नाही. मामा आला की मी पटावर माझा फ्रॉक झाकते. मामी बघते पण मामीला काही समजत नाही, ती उंटाला ऊँट म्हणते आणि खूप हसते. इथं सेक्टरमध्ये सगळे हिंदी बोलतात, माझी मैत्रीण मलयाली आहे ती पण.

मामीने काल मला भजी केली होती. तुला वसतिगृहात भजी देतात का?

तुझी,
वच्छला

*

भिलाई
४ डिसेंबर १९६१

प्रिय आई,

तू माझा वजीर घेतलास. तू फार वाईट आहेस म्हणजे फार चांगली खेळतेस. मी दोन दिवस शाळेतून आले की पहिले पट बघितला. माझं काही वाचत नाही.

म्हणून मी शिफ्ट बदल करते. म्हणजे मी पट फिरवला. आता तुझे काळे मोहरे माझे आणि माझे पांढरे तुझे. वजीर आता माझ्याजवळ आहे. एका डावात एकदा चालतं. आता पांढऱ्यांची पाळी आहे, म्हणजे तुझी. नीट विचार करून चाल, घाई करू नको.

मी तुला आधी सांगणार होते पण मग तू आधीच सांभाळून खेळली असतीस.

वच्छला

*

नागपूर
१० डिसेंबर १९६१

देवीदास,

तुझ्या भाचीचं कार्ड तू वाचलं असशीलच. नसेल वाचलं तर तिला विचार. हरायची वेळ आली की पट फिरवायचा आणि समोरच्याचे मोहरे आपले म्हणायचे, हे तू तिला शिकवलंस? आणि ती निर्लज्जपणे मलाच सांगते, 'नीट विचार करून चाल.' तीन महिने मी एकेक चाल मनापासून विचार करून पाठवली. परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून. मला वाटलं होतं, तू हरत असशील. तू तर तिला फसवायला शिकवून ठेवलंस.

आता दुसरं ऐक. मी हे मनात ठेवणार होते, पण आता ठेवत नाही.

दसऱ्याला तुम्ही तिघं दीक्षाभूमीवर आलात. तीन तास भेटलो आपण. गर्दी वाढली तेव्हा वच्छीनं घाबरून बोट धरलं ते गिरजाचं. मी तिच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की गिरजा जवळ होती म्हणून.

मागच्या आठवड्यात केवलरामजी तुमच्याकडे चिवडा द्यायला आले होते. त्यांनी मला काय सांगितलं माहीत आहे? म्हणे, 'बाई, पोरगी तं तुमच्या वहिनीले आई म्हणून राहिली. म्या माह्या कानानं ऐकलं.' आणि वहीवर तिचं नाव वच्छला देवीदास असं लिहिलेलं. तिच्या बाबांचं नाव तेजराम होतं. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, बारा नव्हे.

रोज जिंकवायचं, दोन वेण्या घालायच्या, भजी करायची, आणि वहीवर आपलं नाव लिहायचं. मी मूर्ख नाही. चंपतनंही भोवरा आपखुशीनंच दिला होता.

नाताळच्या सुटीत मी येते आणि तिला घेऊन जाते. कुठं ठेवीन ते माझं मी बघेन. तिचं वर्ष गेलं तरी चालेल.

सत्यशीला

*

भिलाई
१७ डिसेंबर १९६१

ताई,

जय भीम. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. शपथ मोडतो आहे, हे वच्छीला सांगूनच लिहितो. ती म्हणाली, 'लिवा मग, आई लई तापली हाय.'

आधी खेळाचं. मी एकही डाव मुद्दाम हरलेलो नाही. तुला आठवतं, दादा आपल्याला, स्वतःच्या पोरांना, कसं खेळवायचे? पूर्ण मोहरे घेऊन, पूर्ण ताकदीनं, आणि मात दिली की 'शीक' म्हणून उठून जायचे. तू हट्टी होतीस म्हणून शिकलीस. मी सहा वर्षांचा, रोज रडायचो, आणि मोरीत जाऊन तोंड धुवायचो म्हणजे कोणाला दिसू नये. वच्छी आली त्या आठवड्यात मी तिच्याशी तसाच खेळलो. पाचव्या दिवशी ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आत ती काय करते आहे ते मला माहीत होतं.

मुद्दाम हरणं मला जमलं असतं. पण पोरांना ते कळतं. चंपतलाही कळलं होतं, त्याला ते हवं होतं एवढंच. म्हणून मी वेगळं केलं. माझा वजीर आणि एक हत्ती डब्यात, आणि मग पूर्ण ताकदीनं खेळायचं. ती लागोपाठ तीन डाव जिंकली की माझा एक मोहरा पटावर परत. दिवाळीला माझा हत्ती परत आला. तो मांडताना तिला झालेला आनंद तू पाहायला हवा होतास.

आणि शिफ्ट बदल. ही आमच्या कोक ओव्हनची, म्हणजे कोळशाच्या भट्टीची गोष्ट आहे. शिफ्ट सुटताना आपण मशीन ज्या हालतीत सोडतो त्याच हालतीत दुसऱ्याला घ्यावी लागते. कोणी चुकारपणा करून घाण ठेवून गेला की पुढच्याचे हाल. आमचा फोरमन म्हणतो, 'ऐसे छोड़ो जैसे कल तुम्हीं को लेना है।' घरी येताना सायकलवर माझ्या डोक्यात आलं, हे पटावर का नको? डावात एकदा, तिला वाटेल तेव्हा, वच्छी पट फिरवू शकते. मग मी केलेली दुर्दशा मलाच निस्तरावी लागते. म्हणजे मला तिच्या बाजूचाही विचार करून खेळावं लागतं, आणि तिला माझ्या बाजूचा. यात फसवणूक कुठं आहे ते तू सांग. तुझ्याशी खेळताना तिनं आधी सांगायला हवं होतं, हे खरं. त्याबद्दल ती दोन दिवस तोंड लपवून आहे.

तिनं हे तुझ्यापासून का लपवलं तेही सांगतो. तिला वाटलं, वजीर काढून ठेवलेल्या मामाला हरवलं असं लिहिलं तर आई म्हणेल, मग त्यात काय मोठं.

आता दुसरं. शाळेच्या फॉर्मवर कामगाराचा मुलगा किंवा मुलगी एवढाच रकाना होता. भाचीचा रकाना नव्हता. मी मुलगी लिहिलं. त्या वेळी मला वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि पोर वर्षभर घरी बसली असती. मग शाळेत बाई विचारणार, म्हणून गिरजाला आई म्हणायची सवय करावी लागली. केवलरामजी आले तेव्हा ती सवयीनं बोलून गेली. ते गेल्यावर गिरजा स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, 'काई नाई. हे खोटं हाय ते माहीत हाय मले. तरी ऐकलं.'

हेही लिहितो, नाहीतर माझं पत्र पुन्हा अर्धंच राहील. तुला जो संशय आहे तो सगळा खोटा नाही. वच्छी इथंच राहावी असं मला वाटतं. रोज वाटतं. पण त्यासाठी मी पटावर खोटं खेळलो नाही.

उद्या हेडमास्तरांना भेटून खरं सांगतो. काढतील तर काढतील. नाताळात तू आलीस तर मी अडवणार नाही. पण तिचं वर्ष घालवू नकोस, एवढंच मागतो.

देवीदास

*

नागपूर
२५ फेब्रुवारी १९६२

देवीदास,

नाताळात मी का आले नाही ते तुला कळलं असेल. हेडमास्तरांनी वर्ष पुरं करू दिलं आणि रजिस्टरात नाव दुरुस्त केलं, त्याची नक्कल मिळाली. ती मी दोनदा वाचली. तेजरामांचं नाव नीट लिहिलं आहे.

वच्छीनं मला परवाच्या कार्डात मात दिली. माझ्याच काळ्या मोहऱ्यांनी. तिचा राजा मी ज्या कोपऱ्यात कोंडला होता त्याच कोपऱ्यात मी बसले होते, आणि दार मीच बंद केलेलं. खूप शोधलं, सुटका नव्हती. तू सांगितलेल्या नियमात खोट सापडत नाही, हे मान्य करते.

पण देवीदास, संशय एका पत्रानं जात नाही. तू खरं लिहिलंस तेव्हाच मला जास्त भीती वाटली. खोटं बोलून कोणी पोर ओढत असता तर मी त्याच्याशी भांडले असते. तुम्ही दोघं तिच्याशी चांगले वागता, त्याच्याशी मी कशी भांडू?

परीक्षा १४ एप्रिलला संपते. बावीसला मी दुर्गला उतरते. तिला तयार ठेव. आणि माझी एक अट आहे, तिला आधीपासून काही पढवू नका. जायचं की राहायचं, हे तिला कोणी विचारायचं नाही. असलं ओझं नऊ वर्षांच्या पोरीवर टाकू नये.

ताई

*

भिलाई
९ एप्रिल १९६२

ताई,

तुझी अट आम्ही पाळली. आम्ही विचारलं नाही. पण काल रविवारी काय झालं ते तू येण्याआधी तुला माहीत असावं.

मार्चपासून माझे सगळे मोहरे पटावर आहेत. तिनं ते एकेक करून मला परत मिळवून दिले. आता तिच्याजवळ फक्त पट फिरवायचा हक्क उरला आहे. काल दुपारी तिनं पट मांडला, पहिली चाल केली आणि मान वर न करता म्हणाली, 'मामा, आज मी जितली तं मी इथंच राहीन. हारली तं आईसंग जाईन.'

गिरजा आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. सकाळपासून तिचे डोळे सुजलेले होते, ते वच्छीनं पाहिलं होतं.

असल्या गोष्टी डावावर लावत नाहीत, हे मी तिथंच म्हणायला हवं होतं. मी मोठा, ती लहान. मी नुसतं माझं प्यादं चालवलं. ही माझी चूक, हिच्यासाठी तू मला जे बोलशील ते मी ऐकीन.

डाव मोठा झाला. अर्ध्यात माझी बाजू भारी होती. ताई, तिथं माझा हात उंटावर गेला होता. तो उंट एक घर पुढं ठेवला असता तर डाव तिचा झाला असता आणि कोणाला कळलं नसतं. तुझा संशय खरा ठरायला एवढंच बाकी होतं. मी उंट सोडला आणि जी खरी चाल होती ती केली. तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहीत नाही.

पण पोरगी आता खेळायला लागली आहे. तिनं माझा एक घोडा कोंडून मारला, मग हत्ती. मी सगळं पणाला लावलं तरी जमेना. शेवटी माझा राजा उघडा पडला. दोन चालींत मात होती, मलाही दिसत होती आणि तिलाही. गिरजा दारात येऊन उभी होती, हाताला पीठ.

वच्छीनं पटाकडे पाहिलं. मग गिरजाकडे, मग माझ्याकडे. आणि म्हणाली, 'शिफ्ट बदल.'

मी म्हटलं, 'अवं, तू तं जितून राहिली. कावून फिरवतं?'

'माहा हक हाय ना? मग?'

तिनं दोन्ही हातांनी पट फिरवला. एकही मोहरा हलू दिला नाही. जिंकायची बाजू माझ्याकडे आली आणि तिच्यासमोर तो उघडा राजा. खोटं खेळायचं नाही हा आमचा पहिला नियम, तो मीच केलेला. मी पहिली चाल केली. तिनं राजा सरकवला. मी मात दिली. तिनं मोहरे मोजून डब्यात टाकले आणि गिरजाला म्हणाली, 'मामी, भूक लागली.'

तिनं ठरवलं आहे, ताई. तिला तुझ्याकडे यायचं आहे आणि आम्हाला तोंडावर सांगवलं नाही. बावीसला मी स्टेशनवर येतो. गिरजा येईल की नाही सांगता येत नाही.

देवीदास

*

इंदोरा, नागपूर
१ जुलै १९६२

प्रिय देवीदास आणि गिरजा,

दोघांना जय भीम. मला इथल्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला आहे. वच्छी माझ्याच शाळेत पाचवीत, पण तिथं माझ्याकडे बघत नाही, ओळख नसल्यासारखी जाते. घरी आली की तुमच्या गोष्टी सुरू होतात. गिरजा, स्टेशनवर तू आली नाहीस, पण तिच्या पिशवीत तळाशी तू ठेवलेला डालडाचा डबा निघाला. तो उघडून ती किती वेळ बसली होती ते मी मोजलं नाही.

तिच्याशी मी रोज खेळते. दादांसारखी. वजीर-बिजीर काढायचा नाही, पट फिरवायचा नाही, माझ्या घरात माझे नियम. पहिल्या आठवड्यात ती सहा डाव हरली. सातव्या दिवशी म्हणाली, आज नको, पाय दुखतो. बुद्धिबळाला पाय लागत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. मी तिला रागावले नाही आणि नियमही बदलला नाही. खरं सांगू, तुझं काही उचलायचं म्हटलं की अजून माझ्या जिवावर यायचं. तू तिला दिलेलं मी का चालवू, असं वाटायचं. मोठी बाई असून मी असा विचार करत होते.

मनात एक संशय शिल्लक होता. तुझं ते एप्रिलचं पत्र मी पाठ होईपर्यंत वाचलं होतं. तू लिहिलंस, तिनं ठरवलं, तिला आईकडे यायचं होतं. वाचायला मला गोड वाटलं, आणि म्हणूनच पटेना. ज्या पोरीनं माझं बोट धरलं नाही, तिला माझ्याकडे यायची एवढी ओढ कशी? मला वाटलं, तूच तिला फिरव म्हणून सांगितलं असशील. माझी समजूत काढायला. तू तसा आहेसही.

म्हणून आज सकाळी तिचं डोकं विंचरताना मी विचारलंच. म्हटलं, 'वच्छी, खरं सांग. मामानं तुले पट फिरवायले सांगितला होता का?'

ती म्हणाली, 'नाई. मामाचं तं तोंड उतरलं होतं.'

'मग जितता जितता कावून फिरवला? तुले माह्याकडे यायचं होतं?'

तिनं जरा विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा तो विचार नव्हता, तो मला ओळखता येतो. मग म्हणाली, 'मले तिकडंच राहावंसं वाटून राहिलं होतं. म्हणून तं मी पैज लावली. पण मग मामाचा राजा मरून राहिला तं मले समजलं, तिथं मामा हारला तरी मामी हाय त्याच्यापाशी. मी जितली असती तं हारली असती तू. तुह्यापाशी कोण होतं?'

देवीदास, मी तिची वेणी अर्धी सोडून उठले. तुझ्यावर संशय घेतला, गिरजावर घेतला, केवलरामजींचं बोलणं मनात धरलं. पोरगी कोणाकडे ओढली जाते ते बघत बसले. ती सगळ्यांच्या बाजूनं पट बघत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. हे तू शिकवलंस तिला. मी शिकवलं नाही.

दिवाळीची सुटी तुमची. दरवर्षी. केवलरामजी घेऊन येतील, आणि त्यांनी तिथं काय ऐकलं ते मला सांगायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. गिरजा, तिनं तुला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

वेणी पुरी करून झाल्यावर मी पट मांडला. ती म्हणाली, आई, आज खरंच पाय दुखतो. मी माझा वजीर उचलला आणि डब्यात ठेवला.

तुमची ताई,
सत्यशीला